बंबाचा लॅम्प होता होता

आमच्या घराण्यात म्हणे तलवारी होत्या. गोत्रीच्या या नव्या टेनामेंटपर्यंत, म्हणजे रांगेतल्या छोट्या घरापर्यंत, पोचला तो फक्त एक तांब्याचा बंब. तोही दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, डोक्यावर मनीप्लँटची कुंडी घेऊन.

सासऱ्यांना हे कधीच रुचलं नाही. तरसालीच्या जुन्या घरी पहाटे बंब पेटवणं हे त्यांचं काम होतं, दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नसे. इथं आल्यापासून ते गीझरच्या पाण्याने आंघोळ करतात आणि बाहेर येऊन "झालं एकदाचं" म्हणतात.

या दिवाळीआधी माझ्या नवऱ्याच्या डोक्यात आलं की बंबाचा लॅम्प करायचा. वायर आणि बल्बसुद्धा आणला त्याने. सासरे म्हणाले, "पहिली आंघोळ बंबाच्या पाण्याने. आज पेटवून दाखवतो. धूर कोंडला तर खुशाल लॅम्प कर." बोलले हसत, पण बंबावरचा हात काही काढला नाही. मला त्यांची फार माया आली.

मग मागच्या चोकडीत, जिथे आम्ही भांडी-कपडे धुतो, तिथे बंब नेला. चिंच आणि मीठ लावून मी आणि सासूबाईंनी तो इतका घासला की माझा घामट चेहरा त्यात दिसायला लागला. मधली धुराची नळी घासू का, असं विचारलं तर सासरे दुखावलेच. "निघताना मी स्वतः काजळी काढली होती. ती स्वच्छच आहे." सैनिकाच्या वंशजाशी वाद कोण घालणार?

"आधी पाणी, मग विस्तव," असं बजावत त्यांनी बंब भरून घेतला आणि खालच्या दारातून ढलप्या पेटवल्या. धूर वर जायचा सोडून त्याच दारातून आमच्या अंगावर आला. आम्ही सगळे खोकत सुटलो. काय पेटलं म्हणून भिंतीपलीकडून शेजारच्या गुजराती बेन ओरडल्या, "शुं सळग्युं? फायरवाळाने बोलावुं?"

वरून कीर्तन, आतून तमाशा! मला हसू आवरेना, पण सासऱ्यांकडे पाहिलं आणि आवरलं. ते चिमटा हातात धरून नुसते उभे होते.

नवरा हळूच म्हणाला, "बाबा, ठरलं होतं ना आपलं?"

"हो. कर लॅम्प."

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा जरा." एरवी त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो, आता जेमतेम माझ्यापर्यंत आला. "नळीत मी काहीतरी खुपसलं होतं. नव्या घरात रिकामं भांडं नेऊ नये म्हणतात. टाकीत तांदळाची पुरचुंडी ठेवली, ती इथं आल्यावर काढली. नळीतलं राहिलं."

विस्तव बाहेर ओढला, बंब निवू दिला. मग सासऱ्यांनी बांबूच्या टोकाला काथ्या गुंडाळून वरून जोरात दाबला. काजळीच्या ढिगाबरोबर खाली पडला एक पंचा. लाल काठाचा, एका कडेला करपलेला.

हाच तो पंचा! सासऱ्यांचा लाडका. सामान हलवताना टेम्पोवाल्यांनी लांबवला, असं सासूबाई आजवर येईल त्याला सांगत होत्या. माझ्या माहेरी फोनवरसुद्धा सांगून झालं होतं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," सासरे म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना पाटावर बसावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, "हसा, हसा. नळी स्वच्छ आहे म्हणणारे कोण होते?" मग त्याही हसल्या. गप्प राहून त्यांना आपली बाजू सांभाळता आली असती, पण त्यांनी तसं केलं नाही. मला त्या दिवशी त्या फार आवडल्या.

सासऱ्यांनी नळी खालपासून वरपर्यंत घासली, जाळीतली राख झाडली आणि ढलप्या पुन्हा पेटवल्या. धूर सरळ वर गेला. थोड्या वेळाने तोटीतून कढत पाणी आलं आणि पहिली बादली घेऊन गेला कोण, तर लॅम्पवाला. आतून ओरडला, "आई, अजून एक बादली!" भिंतीवरून बेननीही आपली बादली पुढे केली.

दिवाळीच्या पहाटे मी उठले तर चोकडीत उजेड होता. नवऱ्याने तोच बल्ब बंबाच्या वर टांगला होता, बाबांना नीट दिसावं म्हणून.

"मला अंधारातही पेटवता येतो," सासरे म्हणाले. पण सगळ्यांच्या आंघोळी होऊन, चांगलं उजाडलं, तरी त्यांनी तो बल्ब कुणाला बंद करू दिला नाही.