आईला काहीच आजार नव्हता

पुण्यात नोकरी करत होते तेव्हा कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईसुद्धा होती. परदेशात, आइंडहोवनजवळच्या न्यूनेनला आल्यावर कळलं की इथल्या विम्यात ती बसत नाही. लेकीकडे राहायला आलेली आई म्हणजे पाहुणी, आणि पाहुण्यांनी आपला विमा घरूनच काढून यायचं.

तो तिने काढला. एजंट म्हणाला, "आधीचे आजार 'नाही' लिहा काकू, सगळेच लिहितात." मग काय, फॉर्मवरून आईचं बीपी गेलं, रक्त पातळ करायची गोळीही गेली. स्काइपवर सांगताना ती हसत होती आणि मीही हसले. आई येणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ती इथे आल्यानंतर एका दुपारी मेथी निवडता निवडता तिने छातीवर हात ठेवला. "गॅस झालाय," म्हणाली आणि ओवा मागितला. तो चावेपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम फुटला. मी अँब्युलन्सला फोन लावला, पण स्वतःच्या घराचा पत्ता मला धड सांगता येईना. ती वर मलाच दटावत होती, "कशाला बोलावतेस त्यांना उगाच?"

आइंडहोवनच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण इंजेक्शन भरून उभी राहिली. तिने मला इंग्रजीत विचारलं, "यांना कुठली औषधं चालू आहेत? यानं रक्त पातळ होतं, म्हणून आधीच विचारतेय."

आईला इंग्रजी बोलता येत नसलं तरी कळायचं सगळं. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"काही नाही म्हणून सांग."

"अगं आई, जिवाशी खेळ आहे हा."

"तिकडे 'नाही' लिहून दिलंय. आता हो म्हणालीस तर विमावाले हात वर करतील. सगळं जावईबापूंच्या गळ्यात पडेल."

डॉक्टरीण आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. आईचा राग आला, त्या एजंटचा तर गळाच धरावासा वाटला. मग मी गोळीचं नाव सांगून टाकलं. बीपीचंही सांगितलं.

डॉक्टरिणीने इंजेक्शन तसंच ट्रेमध्ये परत ठेवलं आणि कुणाला तरी हाक मारली. आईने माझं मनगट सोडून दिलं होतं.

दुसरं औषध सुरू झाल्यावर मी नवऱ्याला फोन केला. "ऑफिसमधून निघालाय तो," मी आईला सांगितलं. "तू पडून राहा."

"त्यांना मी काय तोंड दाखवू गं?" म्हणत ती उठून बसायला बघू लागली. जावयासमोर ती कधी आडवी झाली नव्हती. छातीवरच्या वायरींवरून तिने पदर ओढून घेतला. मी मशीनवरच्या रेषेवरून नजर हलवत नव्हते, आणि ती दारावरून.