कडुनिंबाखालची वाळू

पुण्याहून आलेला तो मुलगा पहिल्याच भेटीत मला 'काकू' म्हणाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. जयपुरात मला काकू कोण म्हणतं? सगळ्यांची मी आंटीजी. वर राजा पार्कच्या बाजारातून घेवरची मिठाई घेऊन आलेला! आमचं जुनं गोल्फचं मैदान पहिल्यासारखं करून द्यायचं त्याचं काम, आणि मैदानाच्या समितीत एक मत माझं. गोडबोलेपणा त्यासाठीच, हे मी ताडलं.

त्याला सातव्या होलजवळचा कडुनिंब काढायचा होता. माझ्या नवऱ्यानं लावलेला. फौजेत बदली झाली की निघताना एक झाड लावायची यांची रीत. बाकीच्या गावांतली जगली की मेली, देव जाणे. निवृत्तीनंतर आम्ही इथे परत आलो म्हणून हे एक नजरेसमोर राहिलं. नवरा गेल्यापासून रोज सकाळी मी त्याच्याखाली टेकते.

"काकू, इथे पूर्वी ब्राउन होतं. पाण्याची टंचाई, म्हणून होलभोवती गवताऐवजी तेल घातलेली वाळू."

"ब्राउन म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. इथे होतं कशावरून?"

"खणून बघू."

"खण. पण माझ्यासमोर. वाळू निघाली तर झाड काढायला माझं मत. फौजीच्या बायकोचा शब्द आहे."

यानं वाळू आधीच आणून पुरली तर? म्हणून मी त्याच्याआधी जाऊन जमीन चाचपून आले; कुठे उकरल्याची खूण नव्हती. मग त्यानं माझ्यासमोर खणलं. वीतभर माती निघाली आणि काळी वाळू लागली. अगंबाई! चिमूटभर हुंगली. जळक्या तेलाचा पुसट वास. तरी वाटलं, टाकली असेल मेल्यानं कशी तरी! पण कडुनिंबाच्या मुळांनी ती अशी धरून ठेवली होती की बोटांनी सुटेना. झाडाच्या आधीचीच होती.

मग आठवलं. झाड लावताना यांनी चार ठिकाणी कुदळ मारली, सगळीकडे जमीन दगड. इथे मात्र भसकन आत गेली. "बघ, जागा कशी सापडली!" म्हणून केवढे खूश झाले होते. भुसभुशीत का, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. हे सगळं मी त्या मुलाजवळ बोलून गेले.

"काकू, राहू दे झाड. ब्राउन थोडं सरकवतो," तो हळूच म्हणाला. आता हा भलेपणा कशासाठी, असंच आधी मनात आलं. पाहिलं तर त्याचेच डोळे भरलेले.

"सरकवलंस तर जुनं कसलं रे ते?" मी म्हणाले.

समितीत बाकीचे माझ्याकडे बघत बसले होते. पहिला हात माझा वर गेला. घरी येऊन ओक्साबोक्शी रडले. त्या हाताचा मला अजून राग येतो.