तिसऱ्या आमेननंतर

तिसरं आमेन म्हणून मी डोळे उघडले तेव्हा फाटकाशी एक बैलगाडी उभी होती आणि तिच्या फळ्यांमधून काहीतरी खाली ठिबकत होतं. धुळीत ताटाएवढा डाग पडला होता. मला आधी वाटलं, एखाद्या रंगाऱ्याची गाडी असेल, रंगाचं पीप फुटलं असेल. बुऱ्हाणपुरात सूत रंगवणारे पुष्कळ. रस्त्याच्या कडेनं लाल पाणी वाहताना इथं कुणी थांबून बघत नाही.

मग गाडीच्या कडेवरून लोंबणारा हात दिसला. हातात हिरव्या बांगड्या होत्या.

मी त्या वेळी शनवारा दरवाजाबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात हेड नर्स होते. दवाखाना फक्त बायकांचा. सुईणपणाचं सर्टिफिकेट माझ्याकडे होतं आणि अकरा वर्षांचा अनुभव. देशात इंग्रजांचं राज्य होतं आणि दवाखान्यात मिससाहेबांचं. मिससाहेब सुपरिटेंडेंट होत्या, डॉक्टर नव्हत्या. डॉक्टरीणबाई वेगळ्या होत्या आणि त्या उन्हाळ्यात दोन महिने पचमढीला जात. ही गोष्ट त्या दोन महिन्यांतली.

आमची पद्धत ठरलेली होती. सातला फाटक उघडायचं. बायका व्हरांड्यात ओळीनं बसायच्या. आधी प्रार्थना, मग चिठ्ठी, मग औषध. पहिली प्रार्थना माझी. दुसरी योहानदादांची. हे आमचे कंपाउंडर, वय साठीच्या पुढे. तिसरी सगळ्यांनी मिळून, प्रभूची. तीन प्रार्थना, तीन आमेन, वीस मिनिटं. योहानदादांना उत्साह आला की पंचवीस.

बायका मध्येच बोलत. कुणी शेजारणीला सुनेचं सांगे, कुणी योहानदादांना हाक मारून "भाऊ, माही बाटली आनली" म्हणे. मिससाहेबांना ते खपत नसे. त्या मला म्हणाल्या, "मार्था, हा बाजार आहे का? तू हेड नर्स आहेस. शिस्त लाव."

मी शिस्त लावली. आदल्या गुरुवारी बहादरपूरची एक म्हातारी डोळ्यांचं मलम घ्यायला आली होती. तुळसाबाई तिचं नाव. प्रार्थनेत ती दोनदा बोलली. मी थांबले आणि सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "मावशी, तोंड बंद. प्रार्थनेत जी बोलेल तिला औषध लागू पडणार नाही."

हे धडधडीत खोटं होतं. कोणत्याही चर्चमध्ये असं शिकवत नाहीत. पण परिणाम झटकन झाला. दुसऱ्या दिवसापासून व्हरांडा चिडीचूप. मिससाहेब खूश, योहानदादा खूश आणि मीही खूश.

तर त्या सकाळी मी गाडीकडे धावले. पाठोपाठ तिसऱ्या ओळीतून तुळसाबाई उठून आली. तिचे हात अजून जोडलेले होते.

"ही कोण?"

"माही सून, बाई. द्वारका. पहाटे बाळंत झाली. पोरगी झाली, वार आली नई. दाईनं लई ओढून पाह्यलं."

वार म्हणजे नाळेचं दुसरं टोक, ज्यावर बाळ आईच्या पोटात पोसतं ते. बाळामागून अर्ध्या तासात ती आपोआप बाहेर येते. आली नाही की आतला रक्ताचा नळ उघडाच राहतो. दाईनं ओढली की तो जास्त उघडतो.

"तुम्ही आलात कधी?"

"तुमची पूजा सुरू झाली तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

विसराळू पोरीकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमीच त सांगितलं व्हतं, बाई. बोललं त दवा लागत नई. मी नथूला बी सांगितलं, हूं का चूं करू नको."

नथू तिचा मुलगा, द्वारकेचा नवरा. तो बैलांपाशी उभा होता. त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती.

 बोलायला वेळ नव्हता. द्वारकेला आम्ही तिघांनी उचलून टेबलावर घेतलं. फाटकापासून टेबलापर्यंत वीस पावलं. मी ती नंतर मोजली, बऱ्याचदा. योहानदादांना म्हटलं, "टांगा करा. सिव्हिल दवाखान्यातून डॉक्टरांना घेऊन या. ऑपरेशनचा गाऊन शोधत बसू नका म्हणावं."

नाडी बोटाला जेमतेम लागत होती. हात घालून वार काढणं हे डॉक्टरचं काम, नर्सचं नाही. सर्टिफिकेट देताना ते आमच्याकडून घोकून घेतलेलं असतं. मी कोपरापर्यंत हात लायसोलमध्ये धुतले आणि वार काढली. ती तुकड्यातुकड्यांनी आली. अर्गट पाजलं. अर्गट म्हणजे गर्भाशय आकसून घेणारं औषध. ते आकसलं की रक्त थांबतं. तिचं आकसलं नाही. दमलेला स्नायू औषधाचंही ऐकत नाही.

मग एकच उपाय उरतो. एक मूठ आतून लावायची, दुसरा हात पोटावरून दाबायचा आणि मधल्यामध्ये गर्भाशय चिमटून धरायचं. सोडायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे. दहा मिनिटांत खांद्यापासून हात बधिर होतात. मी उंचीनं कमी, म्हणून स्टुलावर चढले होते.

तेव्हा द्वारका बोलली. मला वाटलं होतं ती शुद्धीवर नाही.

"बाई, ते म्हना ना."

"काय म्हणू?"

"मघाशी म्हनत व्हत्या ते. गाडीत आइकू येत व्हतं."

मी तिच्याकडे पाहिलं. वीसएक वर्षांची असेल. ओठ पांढरे, पण डोळे स्वच्छ.

"सासू म्हने, आमेन झालं का बाई येतील. एक आमेन झालं. म्या म्हनलं, आता येतील. मंग दुसरं झालं." तिनं श्वास घेतला. "म्या मोजत व्हती. बरं वाटत व्हतं आइकून. वाटलं, इतक्या गोड बोलतात, त वाचवतील."

प्रार्थनेनं माणसाला धीर येतो, असं आम्ही लोकांना सांगतो. ते खरं आहे. मी त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं. फाटकाबाहेर रक्त जात असताना त्या पोरीला आमच्या प्रार्थनेनं वीस मिनिटं धीर दिला. तेवढा वेळ तिनं हाक मारली असती तर बरं झालं असतं.

मी पुन्हा म्हणायला लागले. डोळे उघडे ठेवून, हात जिथे होते तिथेच ठेवून. सकाळी म्हटलेली लांबलचक मला आठवेना, म्हणून प्रभूची म्हटली. संपली की पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी ठरवत होते, एवढी संपेपर्यंत हात सोडायचा नाही. असं चाळीस मिनिटं चाललं. माझ्या अंगात चाळीस मिनिटांची ताकद नव्हती. ती कुठून आली ते मला माहीत आहे आणि ते मी कुणाशी वाद घालून सिद्ध करणार नाही. पण त्या ताकदीला रक्त तयार करता येत नाही. ते आधीच फाटकाशी सांडलं होतं.

डॉक्टर नऊच्या सुमारास आले. वऱ्हाडकडचे गृहस्थ होते, स्वभावानं सरळ. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, मिठाचं पाणी शिरेतून द्यायची तयारी केली. शीर सापडेपर्यंत द्वारका गेली.

मी हात काढले. बोटं सरळ होत नव्हती.

"डॉक्टरसाहेब, वीस मिनिटं आधी टेबलावर घेतली असती तर?"

ते सुया गुंडाळत होते. "सांगता येत नाही."

"तरी?"

"सिस्टर, मी सांगता येत नाही म्हणालो."

तुळसाबाई दाराशी बसली होती. ती रडत नव्हती. तिनं मला एवढंच विचारलं, "बाई, माह्याकडून काई चुकलं का? मी त एक शबद बोलली नई."

"तुमचं काही चुकलं नाही, मावशी."

एवढंच मी म्हटलं. पुढचं म्हणायला हवं होतं, ते म्हटलं नाही. गाडी आली तशीच परत गेली, फक्त सावकाश.

दुपारी मिससाहेबांनी बोलावलं. त्यांना माझ्याबद्दल खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी स्वतः चहा ओतून दिला. "मार्था, ही देवाची इच्छा."

"देवाची इच्छा असती तर गाडी बहादरपुरातच थांबली असती, मिससाहेब. ती फाटकापर्यंत आणून पोचवली होती. पुढची वीस पावलं माझी होती."

"तू थकली आहेस. गुडघे टेक, प्रार्थना कर."

"तीच करत होते ना सकाळी."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "रजिस्टर भरून टाक."

आमच्या मृत्यूच्या रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा असे. खेड्यातली बाई दगावली की त्यात दोनच शब्द लिहायचे, 'उशिरा आणली.' मागची पानं उलटा, रांगेनं तेच. मीच लिहिलेलं. मी टाक बुडवला आणि सवयीनं तेच दोन शब्द लिहिले. मग वाचले. मग खोडले आणि लिहिलं, 'वेळेवर आणली. उशिरा पाहिली.'

संध्याकाळी मिससाहेब ते पान घेऊन माझ्या खोलीवर आल्या. "हे वरच्या कमिटीपुढे जातं. लोक काय म्हणतील? प्रार्थनेमुळे बाई मेली?"

"प्रार्थनेमुळे नाही मेली. मी खोटं बोलले म्हणून मेली. तसं लिहू का?"

त्यांनी काही लिहू दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर त्यांच्या कपाटात गेलं आणि शेरे त्या स्वतः भरू लागल्या. मी त्यावर भांडले नाही. मी भांडले दुसऱ्या गोष्टीवर. फाटक उघडलं की आधी मी ओळीतून फिरणार, प्रत्येकीला विचारणार, बाहेरची प्रत्येक गाडी बघणार आणि मगच प्रार्थना. मिससाहेब म्हणाल्या, "म्हणजे देव दुसरा?"

मी म्हटलं, "देवाला थांबता येतं."

पंधरा दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. योहानदादाही फुरंगटले, कारण त्यांची प्रार्थना आता छोटी करावी लागत होती. पण पद्धत बदलली.

बदलली म्हणजे माझ्या बाजूनं बदलली. बायका बोलेनात. मी ओळीतून फिरायचे, "काय होतंय? बोला," म्हणायचे, आणि त्या ओठांवर बोट ठेवून योहानदादांकडे खूण करायच्या. आधी पूजा होऊ द्या. एका गुरुवारी केलेला नियम पंचक्रोशीत पोचला होता. तो मोडल्याची बातमी मात्र कुणी नेली नाही. एकीच्या पोरीला फेफरं येत होतं, तर तिनं पोरीला पदराखाली घट्ट दाबून ठेवलं होतं. पुढची दोन वर्षं मी नर्सिंग कमी केलं आणि बायकांना बोलायला जास्त शिकवलं.

पाऊस संपता संपता तुळसाबाई परत आली. कडेवर द्वारकेची पोरगी. तोंड आलं होतं, आत सगळं पांढरं, दूध ओढता येत नव्हतं. ती पहिल्या ओळीत बसली. मी प्रार्थना सुरू केली. आता मी डोळे मिटत नसे. पोरगी रडायला लागली, तशी तुळसाबाईनं तिच्या तोंडावर तळहात ठेवला.

मी मध्येच थांबले. खाली बसून तिचा हात काढला.

"रडू द्या तिला, मावशी."

"पूजा चालू हाय ना, बाई."

"असू द्या."

"मंग दवा लागंल का?"

"लागेल. बोललं म्हणून दवा लागत नाही असं काही नसतं. मी ते खोटं सांगितलं होतं."

सगळा व्हरांडा ऐकत होता. योहानदादा खाली बघत होते. तुळसाबाई पोरीची पाठ थोपटत राहिली. पोरगी रडतच होती.

"म्हंजी त्या दिशी मी बोलली असती त..."

"हो."

डॉक्टरांनी मला दिलं होतं ते उत्तर मी तिला देऊ शकले असते. ते खोटंही ठरलं नसतं. पण त्याच्याआड लपायचं नाही, एवढं मी चार महिन्यांत ठरवलं होतं.

ती मला शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. तिनं पोरगी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मी पोरीच्या तोंडात औषध लावलं, कापसानं कसं लावायचं ते तिला दाखवलं, बाटली दिली. तिनं सगळं नीट समजून घेतलं, दोनदा विचारलं. मग पायऱ्यांपाशी थांबून म्हणाली,

"बाई, मी बी त्या दिशी गप नव्हती. मनातल्या मनात तुमच्या देवाला म्हनत व्हती."

"काय म्हणत होता?"

"म्हनलं, बाबा, ह्या बाईला म्हना, लवकर आटप."

ती गेली. पोरगी सुधारली, पण तुळसाबाई पुन्हा आमच्या दवाखान्यात आली नाही. पुढचं औषध नथू न्यायचा, आणि तो फाटकाच्या आत येत नसे.

त्या सकाळी आमच्या व्हरांड्यात तीन प्रार्थना झाल्या असं मी इतके दिवस समजत होते. चार झाल्या होत्या. चौथी सर्वांत छोटी होती, कामाची होती आणि तिला उत्तर देणं माझ्या हातात होतं.

मी अजून प्रार्थना करते. रोज, ड्यूटीच्या सुरुवातीला. आधी सगळी ओळ बघून घेते, फाटकाबाहेर गाडी आहे का ते बघते. मग उभ्यानं, डोळे उघडे ठेवून. दीड मिनिट पुरतं.