धुऱ्यावरून निवडलेला माउथपीस

गेल्या वर्षी अक्षय तृतीयेला, दुपारी पावणेपाच वाजता, सालेकशाजवळच्या एका लग्नमांडवासमोर माझ्या मामाजींवर अन्याय झाला. मामाजी लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. मी पत्रकं लिहिते. पीडित कोण हे सांगितल्यावर दोषी कोण हे लगेच सांगावं लागतं, नाहीतर लोक पत्रकाची घडी करून त्यावर चिवडा खातात. तर दोषी मी. आणखीही आहेत, त्यांना सोडणार नाही. पण आधी मी.

वरातीत सगळेच वाजवतात. बिदाईला मात्र बाकीचे थांबायचे आणि मामाजी एकटे वाजवायचे. अगदी खालचे सूर, इतके हळू की आधी श्वास ऐकू यायचा आणि मग त्यातून सूर. नवरीची आई तोवर भांड्यांच्या, पाहुण्यांच्या मागे धावत असायची. तो सूर आला की ती होती तिथं थांबायची. बँड सांगायला येणारी माणसं आधी एवढंच विचारायची, "बिदाईवाले बाबूजी येतीन ना?"

त्या वर्षी आम्ही काही कार्यकर्त्यांनी डीजेच्या विरोधात मोहीम काढली होती. वरातीला आपला बँड लावा, वाजवणाऱ्याचं पोट भरू द्या, असं पत्रक मीच लिहिलं. गोंदियाच्या बाजारात ते वाटताना एका डीजेवाल्यानं वाचलं, हसला आणि म्हणाला, "दीदी, आपका बाजा तो घोड़ी को भी सुनाई नहीं देता." भोवतीचे सगळे हसले. मला ते लागलं. आणि मी मूर्खासारखं ते खरं मानलं. भांडण आवाजाचं आहे असं त्यानं सांगितलं आणि मीही आवाजाचंच भांडण भांडायला निघाले.

मामाजींचा माउथपीस, म्हणजे सॅक्सोफोनचा तोंडात धरायचा भाग, काळ्या एबोनाइटचा, कडक रबराचा होता. त्यांच्या उस्तादांनी दिलेला. मी व्हिडिओ पाहून पाहून सगळं पाठ केलं होतं. माउथपीसची आतली पोकळी मोठी असली की आवाज गोल आणि दबका येतो. पोकळी अरुंद आणि आतलं छत खाली असलं की हवा जोरात सुटते, आवाज टोकदार होतो, लांब जातो. टोक आणि त्यावर बांधलेली वेताची पट्टी, म्हणजे रीड, यांच्यामधली फट रुंद असली की जोर वाढतो, पण दम आणि ओठही तेवढेच लागतात. हे शेवटचं मी वाचलं होतं. दम कोणाचा, ओठ कोणाचे, याचा विचार केला नव्हता.

वाद्यांच्या दुकानदारानं तीन माउथपीस दिले. सोमवारपर्यंत वाजवून बघा, दोन परत करा, ठेवाल त्याच्या बदल्यात जुना द्या. मामाजींनी तिन्ही उजेडाकडे धरून आतून बघितले. मग एकेक लावून सगळ्यात खालचा सूर हळू काढून पाहिला.

"जोरात वाजवा ना मामाजी," मी म्हणाले.

"जोरात तं कोनताही वाजते. हळू कोनता वाजते ते पाहून राहिलो."

"वरातीत हळू कोण ऐकतं?"

त्यांनी माउथपीस काढून पुसला. मग म्हणाले, "एक हप्ता राहू दे बाई. ओठाले ओळख होऊ दे." उस्तादांनी त्यांना आठवडाभर घरी वाजवायला लावल्याशिवाय माउथपीस बदलू दिला नव्हता. मी म्हणाले, सोमवारी परत करायचे आहेत. जणू दुकानदाराचा सोमवार म्हणजे सरकारी आदेश.

मग मी माझी परीक्षा घेतली. धान कधीच निघालं होतं, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, कोरड्या पडल्या होत्या. मामाजींना घरामागच्या बांधीत उभं केलं आणि मी तीन बांध्या ओलांडून लांबच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गेले. ऐकू आलं की ओढणी वर करायची. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान डोक्यावरून घिरट्या घालत होतं, ते गेल्यावर सुरू केलं. काळा जुना: काहीतरी आहे एवढंच कळलं. नव्यातले पहिले दोन: बरे. तिसरा पितळी, चकचकीत. तो वाजला आणि मी ओढणी नुसती वर केली नाही, फिरवली.

मामी मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत होती. मी परत येईपर्यंत तिनं टोपली खाली ठेवली होती.

"हा तुमचा आवाज नोहे," ती मामाजींना म्हणाली. "हा तं ट्रकचा भोंगा होय."

"मामी, तुम्ही जवळून ऐकता म्हणून," मी म्हणाले. "लांबून ऐका."

"मी कायले लांबून आयकू? मी तं जवळच रायतो."

मी हसले. मामाजींनी ओठाला अंगठा लावून पाहिला आणि मला विचारलं, "तुले बरा वाटते ना?"

"एकदम बरा."

"मंग ठेव."

एवढंच. माझ्या भाचीनं एवढी धावपळ करून आणलं, शिकलेली आहे, आपल्यासाठीच भांडते, हिला नाही कसं म्हणायचं. हे त्या "मंग ठेव" मध्ये सगळं होतं आणि मी ते होकार म्हणून घेतलं. पत्रकात मी "वाजवणाऱ्यांचा आवाज" असं लिहिलं होतं, ठळक अक्षरात. जुना माउथपीस मी सोमवारी स्वतःच्या हातानं दुकानात दिला.

अक्षय तृतीयेची वरात जोरात गेली. पितळी माउथपीसनं ट्रम्पेटलाही मागं टाकलं. लोक वळून बघत होते, मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होते, त्या डीजेवाल्याला दाखवायला. भर उन्हात दोन तास. मामाजी मधूनमधून रुमालानं तोंड पुसायचे. रुमालावर रक्त होतं, ते मला नंतर मामीनं धुताना दाखवलं.

मग बिदाई. बाकीचे थांबले. मामाजींनी खालचा सूर हळू धरला आणि तो आलाच नाही. नुसती हवा आली. त्यांनी थोडा जोर लावला, तर सूर फाटून वर चिरकला, कोंबड्यासारखा. परत धरला, परत चिरकला. नवरदेवाकडचा एक जण म्हणाला, "बाबूजी, घर जाके सो जाओ," आणि पोरं फिदीफिदी हसली. नवरीची आई थांबली होती, ती परत भांड्यांकडे वळली. कोणीतरी गाडीतलं गाणं मोठ्यानं लावलं आणि मुलगी त्या गाण्यावर सासरी निघाली.

त्या हसणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही. ज्या घरानं ती बिदाई ऐकायलाच बँड सांगितला होता, त्यातल्या एकानंही त्यांना दोन मिनिटं थांबवलं नाही. पण मामाजींच्या हाती तो माउथपीस मी दिला होता.

परतीच्या टेम्पोत मी म्हणाले, "मामाजी, तुम्ही मला सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलो होतो," ते म्हणाले. "तू धुऱ्यावर होती."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी तिथं उभी होते. जुना माउथपीस विकला गेला होता. छत्तीसगडकडचा एक बँडवाला इतर सामानासोबत घेऊन गेला, कोण, कुठला, दुकानदाराला माहीत नाही. नागपूरहून मी दुसरे काळे आणले, तसेच दिसणारे. मामाजी प्रत्येक लावतात, खालचा सूर धरतात, मान हलवतात, काढून ठेवतात. आता वरातीला जातात, घोळक्यात वाजवतात. बिदाईला सॅक्सोफोन पेटीत घालून टेम्पोत जाऊन बसतात. कोणी विचारलंच तर "दम पुरत नाही" म्हणतात. दम पुरतो. मला माहीत आहे.

म्हणून हे लिहिलं. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, जिथं कुठं तुम्ही सॅक्सोफोन वाजवता किंवा वाजवणाऱ्याला ओळखता, तुमच्याकडचा काळा माउथपीस आत्ता बघा. वर दातांच्या दोन खळग्या असतील, डावी जास्त खोल. बाजूला उस्तादांनी सुईनं कोरलेला एक छोटा चांद असेल. तसं असलं तर तो तुमचा नाही, मामाजींचा आहे. घासू नका, दुरुस्त करू नका. गोंदियाच्या ज्या दुकानातून घेतला, तिथं आणून द्या. बदल्यात हवा तो नवा मी देईन. दर सोमवारी मी तिथं असते. या.