दहा शब्द आणि एक सही

टोमॅटोच्या कारखान्यातून रकिया घरी यायची तेव्हा सहा वाजलेले असायचे. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले, पेट्या भरून बोटं हिरवीकाळी झालेली. तो रंग साबणाने जात नसे. दार उघडलं की तिची आठ वर्षांची मुलगी तिलिला वही घेऊन समोर हजर.

"यम्मा, श्रुतलेखन."

"बसू तर दे गं जरा."

तिसरीच्या बाईंचा, विदादबाईंचा, नियम होता: पालकांनी रोज फ्रेंचचे दहा शब्द वाचून दाखवायचे, मुलांनी लिहायचे, पालकांनी तपासून खाली सही करायची. रकियाला फ्रेंच सोडाच, अरबीसुद्धा वाचता येत नव्हतं. ती डोंगरातल्या गावात वाढली, तिथली शाळा मुलग्यांनीच पाहिली. नवरा ब्राहिम दूर लायून शहरात बांधकामावर. तो ईदलाच घरी यायचा आणि त्यालाही सहीपलीकडे फार येत नव्हतं.

मग मायलेकींनी आपली एक रीत पाडली. तिलिला स्वतःच शब्द वाचायची, पुस्तक मिटून लिहायची आणि लाल पेनाने बरोबरच्या खुणा करायची. रकिया पाव भाजता भाजता हात पुसून यायची आणि लेकीने शिकवलेली तीन अक्षरं खाली गिरवायची. असे दोन महिने गेले.

एका गुरुवारी वहीत बाईंच्या हातची लाल ओळ आली. तिलिलाने ती वाचली आणि वही मिटली.

"काय लिहिलंय?"

"तुला बोलावलंय. शनिवारी."

शनिवारचा अर्धा दिवस बुडवून रकिया शाळेत गेली. विदादबाई वह्यांच्या ढिगामागे बसल्या होत्या. पस्तिशीच्या असतील, पण डोळ्यांखाली काळं आलेलं.

"बसा, लल्ला रकिया," त्या आदराने म्हणाल्या. "हे बघा. शब्द होता मासा. हिने लिहिलंय विष. फ्रेंचमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे, लहान मुलाची चूक होते. पण तुम्ही त्यावर बरोबरची खूण केलीय. या महिन्यात असं नऊ वेळा झालंय. लक्ष देऊन बघत जा ना जरा. आणि पानं किती मळलीत."

रकियाने आपली बोटं मांडीवरच्या ओढणीखाली घेतली. शेजारी उभी असलेली तिलिला जमिनीकडे बघत होती.

"मला वाचता येत नाही, उस्तादा," ती म्हणाली. "खुणा हीच करते. मी नुसती सही करते. तीही हिनेच शिकवली."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आधी सांगायचं होतंत."

"कसं? वहीत लिहून?"

बाईंना हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. "वर्गात बेचाळीस मुलं आहेत. एकेकाचं श्रुतलेखन मी कधी घेऊ, सांगा. म्हणून घरी देते."

"तुमचं खरं आहे. पण घरी मी आहे."

दोघी जणी वहीकडे बघत राहिल्या. भांडायला कोणाच्याच अंगात त्राण नव्हतं. शेवटी बाईंनी विचारलं, "फोनवर व्हॉट्सअॅप आहे ना?"

त्या संध्याकाळपासून बाई दहा शब्द स्वतःच्या आवाजात पाठवू लागल्या. तिलिलाने लिहायचं. रकियाने पुस्तकातला शब्द आणि वहीतला शब्द शेजारी ठेवून आकाराला आकार लावून बघायचा, कारखान्यात डागी टोमॅटो बाजूला काढताना बघते तसा. आठवड्याभरात वर्गातल्या आणखी अकरा आयांनी तोच निरोप मागितला. त्यातल्या एकीला, पलीकडच्या गल्लीतल्या तूदाला, रकिया गेली तीन वर्षं चांगली शिकलेली समजत होती.

यामुळे काम हलकं झालं असं नाही, उलट वाढलंच. आधी नुसती सही होती, आता अर्धा तास बसावं लागे. निरोपात बाईंच्या मागे कुकरची शिट्टी वाजायची. एकदा पाचव्या आणि सहाव्या शब्दाच्या मध्ये त्यांचं स्वतःचं मूल काहीतरी मागत आलं, आणि बाई दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "थांब रे राजा, हे झालं की तुझा अभ्यास."

रकियाने फोन थांबवला.

"काय झालं?" तिलिला म्हणाली.

"काही नाही. हा शब्द दाखव." तिने बोट पुस्तकावरून वहीवर आणि वहीवरून पुस्तकावर नेलं. तिसऱ्यांदा नेलं. "इथे एक अक्षर कमी आहे."

"नाहीये."

"बघ तर."

तिलिलाने पुस्तक जवळ ओढलं. ओठ हलवत अक्षरं मोजली.

"आहे," ती हळूच म्हणाली आणि खोडरबर शोधू लागली.

रकियाने भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले. अजून पाच शब्द राहिले होते. तिने फोन पुन्हा सुरू केला.