सुतकातली स्वीटपी

यांची फौजेतली नोकरी मी फोटोंतच पाहिली. उत्तरेकडच्या एका छावणीत यांच्या खोलीसमोर जाळीवर चढलेला वेल, त्याला जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं, आणि बाजूला हात मागे बांधून उभे हे. दर थंडीत असा एक फोटो मोबाईलवर यायचा. खाली लिहिलेलं असायचं, वास मात्र पाठवता येत नाही. धार काढून झाली की मी हात पुसून तो बघायची आणि पुढच्या कामाला लागायची.

एकदा यांना फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. मी माळ्यावरून ट्रंकसुद्धा खाली काढली होती. सासूबाई म्हणाल्या, दोन म्हशी आणि सासऱ्यांचं दुखणं सोडून ही चालली कुठं? आईपुढे यांचं तोंड कधी उघडलंच नाही. ट्रंक परत माळ्यावर गेली. महिनाभर मी कुणाशी धड बोलले नाही. नंतर सवय झाली.

निवृत्त होऊन हे गावी आले तेव्हा म्हणाले, तुला तिकडं नेता आलं नाही, आता ते स्वीटपीचं फूल इथं आणून दाखवतो. आमचं गाव कोरेगावजवळ. मार्चपासून पत्रा असा तापतो की त्यावर पापड वाळायला वेळ लागत नाही. मी म्हटलं, बघा बाई तुमचं तुम्ही.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी पेरलं म्हणून यांनीही जूनमध्ये बी टाकलं. पावसात कुजलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पश्चिमेच्या भिंतीला लावलं. वेल तरारून वर गेला, कळ्या धरल्या, आणि फेब्रुवारीच्या उन्हात एकेक कळी पिवळी पडून गळाली. वेल दिसायला वाटाण्यासारखाच, म्हणून शेजारचे विचारायचे, वाटाण्याला शेंगा कधी? हे हसून म्हणायचे, ह्या शेंगा खायच्या नसतात, विषारी असतात. मग लोक आणखीच हसायचे.

तिसऱ्या वर्षी यांना गणित जमलं. गणपती गेले की लगेच पेरायचं, म्हणजे ऊन चढायच्या आत फूल हाती येतं. बी रात्रभर भिजवलं. परसात पूर्वेच्या बाजूला लावलं, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारची सावली. मुळं गार राहावीत म्हणून बुडाशी उसाचं पाचट अंथरलं. तासगावच्या नणंदेने द्राक्षबागेतली जुनी जाळी दिली, तिच्यावर वेल चढवला. पण पेरणीचा तो पंधरवडा पितरांचा होता. सासूबाई म्हणाल्या, पक्षात नवीन काही पेरू नये. पहिल्यांदाच यांनी आईचं ऐकलं नाही.

डिसेंबर संपता संपता कळ्या रंगल्या. हे रोज मला परसात नेऊन धडा द्यायचे.

"फुलं तोडत ऱ्हायचं. तोडली न्हाईत तर झाडाला वाटतं, आपलं काम झालं. मग शेंगा धरतं आन् संपतं."

मी विचारलं, वास कसा असतो? म्हणाले, चार दिवस थांब, तूच सांग.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे मळ्यात मोटर चालू करायला गेले आणि तिथेच बांधावर बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर हृदयाचं काहीतरी म्हणाले. मी ऐकलं आणि मान हलवली.

पुढचे दिवस मी सोप्यात भिंतीला टेकून बसलेली होते. बायका यायच्या, गळ्यात पडून रडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. कुणाला चहा मिळाला नाही, तेवढं मला बरोबर कळायचं. बाकी काही होत नव्हतं. एक बाई माझ्यासमोरच दुसरीला म्हणाली, पक्षात पेरलं, दुसरं काय होणार. तेही मी ऐकून घेतलं.

बसल्या जागेवरून मागच्या दारातून जाळी दिसायची. फुलं उमलली होती. पण सुतकात आमच्याकडे फुलाला हात लावत नाहीत. देवपूजा बंद, दिवा बंद. मी बघत होते. पहिली फुलं मिटली, त्यांच्या जागी बारीक हिरव्या शेंगा लोंबू लागल्या. आता हे संपणार, हे मला कळत होतं. कुणाला सांगावं असं वाटलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी माणसं पांगली. सासूबाई काठी टेकत परसात गेल्या. पडतील म्हणून मी मागोमाग गेले.

जाळीकडे बघत त्यांनी विचारलं, ह्या शेंगा कशाला धरल्या? मी सांगितलं, फुलं तोडली नाहीत म्हणून, आता झाड जाईल. तुला कधीपासून माहीत, म्हणाल्या. मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून.

"तोड," त्या म्हणाल्या. "देवाला न्हाई घालायची."

मी शेंगा आधी खुडल्या, मग फुलं. मूठभर झाल्यावर नाकाशी धरली. वास होता, चांगला गोडसर होता. पण छावणीतला तो हाच, की आमच्या उन्हाने अर्धा उडालेला, हे सांगणारा माणूस अख्ख्या गावात एकच होता.

सासूबाईंनी माझा हात धरून खाली घेतला आणि फुलं हुंगली.

"तिकडं बी असाच येत असंल व्हय गं वास?"

"मला काय ठावं, आत्याबाई," मी म्हणाले. "मी कवा गेले तिकडं?"

मला वाटलं, आता त्या चिडतील.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच जाऊ दिलं न्हाई तुला."

मला राग आला. ट्रंक परत माळ्यावर गेली त्या दिवशीचा सगळा, जसाच्या तसा. त्यामागोमाग रडू आलं, नऊ दिवसांत पहिल्यांदा, आणि ते आवरेना. सासूबाईंनी काठी भिंतीला टेकवली, माझ्या हातातली फुलं आपल्या पदरात घेतली आणि पदर पसरून उभ्या राहिल्या. मी रडत रडत तोडत राहिले.