बादलीत न चढलेल्या गोगलगायी

लगूनाच्या सरोवराकाठी कुणी बाई दोन अंडी एकमेकांवर टिचकावून कानाशी धरताना दिसली, की ती आलिंग, म्हणजे मावशी, उर्सुला. टणक आवाज आला तर अंडं चांगलं, बद्द आला तर बाद. माणसांनाही ती अशीच ऐकून पारखी.

सोनेरी गोगलगाय सरकारनं परदेशातून आणवली, ती गरिबांनी खावी म्हणून. गरिबांनी काही ती खाल्ली नाही; तिनं मात्र गरिबांचा भात खाल्ला. उर्सुला तिची टरफलं उखळात कुटून कोंड्यातून बदकांना घाली. अंड्यांची कवचं त्यानं मजबूत होत. तिचा नियम एकच: वेचलेल्या गोगलगायी रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवायच्या. सकाळी कडेनं वर चढलेल्या घ्यायच्या, तळाशी राहिलेल्या फेकायच्या.

यंदा गोगलगायी मिळेनात, कवचं पातळ पडली. अंडी अर्धवट उबवून, मग उकडून विकणाऱ्या तेबाननं दोनदा टोपली परत केली.

"आलिंग, अंडी आहेत का साबणाचे फुगे? आता तिसऱ्यांदा फुटली, तर मी पलीकडच्या काठावरून घेणार."

तो पलीकडे गेला, की तिची दोनशे बदकं खाटकाकडे.

त्याच आठवड्यात तिच्या दिराच्या, दोरोच्या, भाताच्या खाचरात गोगलगायींचा सडा पडला. सगळ्या मेलेल्या.

"औषध मारलं काल," दोरो म्हणाला. "न्या वहिनी, पोती भरून न्या."

"मेलेल्या मी घेत नाही, भाऊजी."

"मांस नका घेऊ. टरफलाला काय होतंय? दगडाला कधी विष चढलंय?"

खाचरात एकही बगळा नव्हता. हे उर्सुलानं पाहिलं. पाहिल्याचं स्वतःला सांगितलं मात्र नाही.

टरफलं तिनं तीनदा धुतली, बोट जाईल तिथवर. गोगलगायीच्या शेवटच्या वळणात बोट जात नाही. मग वाळवली, कुटली, कोंड्यात कालवली. बादली उपडी घालून ठेवली.

पाचव्या दिवशी उजाडता उजाडता ती बदकांच्या वाड्यात शिरली आणि दारातल्या पेंढ्यातली दोन अंडी उचलली. जाड, गुळगुळीत कवच. टिचकावली. टण्ण! वर्षभरात असा आवाज आला नव्हता. आता तेबान कुठला जातोय पलीकडे! हसून तिनं पुन्हा टिचकावली. टण्ण.

एरवी दोनशे बदकांच्या कलकलाटात अंडी थेट कानाला लावावी लागत. आज तिचे हात कमरेशीच होते, तरी टण्ण स्वच्छ ऐकू आलं होतं.